कॉलमसमोर उभे राहून वापरायचे यंत्र: आकार मोठा हवा की लहान?

नौपाडाकर (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९.४०

मी ठाण्यात जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे काम करतो. या कामासाठी हातात धरून वापरायचे नवे यंत्र घ्यायचे आहे, आणि गेले तीन आठवडे मी आकाराच्या प्रश्नापाशीच अडकलो आहे. येथे बरीच वर्षे असली यंत्रे वापरणारे सभासद आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कामाचे स्वरूप आधी सांगतो, कारण त्यावाचून सल्ला देणे अवघड जाईल. सकाळी सोसायटीत पोहोचायचे, तळमजल्याच्या पार्किंगपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत प्रत्येक कॉलम, बीम आणि स्लॅब पाहायचा, तडे, गळती, गंजून फुगलेल्या सळया यांची नोंद करायची, फोटो काढायचे आणि ठरावीक ठिकाणी प्लास्टर काढून काँक्रीटवर रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटची ताकद अजमावणारे उपकरण, लावायचा. हॅमर पृष्ठभागाशी काटकोनात धरून दोन्ही हातांनी संथपणे दाबावा लागतो. तो थोडा जरी कलला तरी आकडा फसवा येतो. शिवाय कॉलमवर तो आडवा धरलेला असतो आणि स्लॅबवर खालून वर, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम वेगळा होतो आणि प्रत्येक आकड्याबरोबर दिशाही लिहावी लागते. एका जागेवर असे अनेक आकडे ओळीने घ्यायचे असतात, आणि मध्येच थांबून यंत्र शोधावे लागले की कोणता आकडा कुठला, हे विसरायला होते.

२००२पासून सहा वर्षे माझ्या खिशात पाम हा छोटा संगणक होता. पुढे फोन आले, फोनचे पडदे वाढत गेले, आणि चार वर्षांपूर्वी मी अकरा इंची टॅबलेट घेतला, कारण त्यावर मजल्याचा प्लॅन पूर्ण दिसतो आणि कॉलमचे क्रमांक वाचता येतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात स्टुलावर उभा राहून वरची गळती पाहत होतो, टॅबलेट काखेत धरला होता, आणि हात वर करताच तो निसटून फरशीवर पडला. काच गेली. काच बदलता येईल, परंतु तोच प्रसंग पुन्हा ओढवेल हेही मला दिसते आहे.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: सहा इंचांच्या आसपासचा साधा फोन, आठ इंची छोटा टॅबलेट, किंवा घडी घालता येणारा फोन. माझा कल आठ इंचीकडे आहे. लहान यंत्र घेतले तर प्लॅन दिसणार नाही, आणि प्लॅन दिसला नाही तर ते यंत्र असून नसल्यासारखे होईल, असे मला वाटते.

---

जुनी_पाटी
सोमवार, रात्री ११.०५

नौपाडाकर, हा प्रश्न तीस वर्षे जुना आहे, आणि आधीच्या लोकांनी तो कसा सोडवला हे पाहिले तर तुमचेही काम सोपे होईल. मी वाशीला राहतो आणि १९९५पासून या ना त्या प्रकारचे हातातले संगणक वापरत आलो आहे.

ॲपलचे न्यूटन मेसेजपॅड १९९३मध्ये आले तेव्हा त्यात त्या काळाच्या मानाने सर्व काही होते. पडद्यावर आपल्या अक्षरात लिहायचे आणि यंत्राने ते वाचायचे, ही कल्पना तर फारच पुढची होती. पण ते कोटाच्या खिशातही धड मावत नसे. १९९८मध्ये ते बंद झाले. मधल्या काळात, १९९६ साली, पाम पायलट आले. १६० गुणिले १६० ठिपक्यांचा पडदा, दोन बारीक सेल, वजन साधारण १६० ग्रॅम, आणि सोयी म्हणाल तर पत्ते, दिनदर्शिका, कामांची यादी आणि टिपणे. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला होता आणि कित्येक दिवस तो खिशात घालून ते वावरत होते. बैठकीत कोणी वेळ विचारली की ते ठोकळा बाहेर काढत आणि काडीने त्यावर टिपल्यासारखे करत. खिशाचे माप आधी ठरले, आणि त्या मापात जे बसले नाही ते त्यांनी सोडून दिले.

मला स्वतःला मात्र पामपेक्षा सायनचे १९९७चे सीरीज ५ अधिक आवडले. ते उघडले की कळफलक पुढे सरकत असे आणि पडदा मागे रेलून त्यावरच टेकत असे, त्यामुळे बोटाने पडद्यावर टिचकी मारली तरी यंत्र उलटत नसे. वजन साडेतीनशे ग्रॅम, दोन साधे पेन्सिल सेल, आणि दहाही बोटांनी टंकता येईल असा कळफलक. ठाणे ते वाशी थेट लोकल तेव्हा नव्हती; ती २००४मध्ये सुरू झाली. कुर्ल्याला गाडी बदलून मी जात असे, आणि बसायला जागा मिळाली की मांडीवर ते उघडून कार्यालयाची पत्रे पुरी करत असे.

पण जागा मिळाली तर, हे महत्त्वाचे. उभ्याने सीरीज ५ कधीच वापरता आले नाही, आणि पाम मात्र दांडी धरलेल्या स्थितीतही वापरता येत होते. तुमचे सगळे काम उभ्याने आहे, म्हणून मी लहान यंत्राच्या बाजूने मत देतो.

---

खाडीवरची
मंगळवार, सकाळी ७.५०

जुनी_पाटी काका, आपला मुद्दा मान्य आहे, तरी त्यात एक गोष्ट राहून गेली. ती सारी यंत्रे इंग्रजीसाठी बनली होती, आणि इंग्रजीला जो आकार पुरतो तो मराठीला पुरत नाही.

मी मुद्रितशोधन करते, ऐरोलीला राहते आणि माझे निम्मे वाचन गाडीतच होते. १६० ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजीच्या दहा-अकरा ओळी बसत. देवनागरी ओळीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकार आणि हलन्ताला लागते, आणि ‘ट्ट’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे उभी रचली तर आणखी लागते. तेवढ्या ठिपक्यांत ‘किर्ती’ आणि ‘कीर्ती’ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. माझ्या कामात तो फरक हेच काम आहे. आज पडदे इतके बारीक झाले आहेत की ठिपक्यांची अडचण उरलेली नाही, परंतु अक्षर वाचण्याजोगे मोठे केले की एका ओळीत चार-पाच शब्दच राहतात आणि वाक्याचा ओघ तुटतो.

टंकनाचेही तसेच आहे. १९८६मध्ये ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. टेबलावर ही रचना फार सुखाची आहे, कारण हात आळीपाळीने चालतात. फोनच्या अरुंद पडद्यावर तीच रचना आली की प्रत्येक कळ नखाएवढी होते. आपला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र काही कळफलकांवर अजूनही शोधावा लागतो. अहवाल मराठीत लिहायचा असेल तर, नौपाडाकर, मोठाच पडदा घ्या, असे मी सांगेन.

---

नौपाडाकर
मंगळवार, दुपारी १.३०

ताई, बहुतेक सोसायट्यांना अहवाल मराठीतच हवा असतो, कारण तो सर्वसाधारण सभेत वाचला जातो. बोलून टंकण्याचा उपाय मी केला होता. हॅमरच्या आणि बाहेरच्या वाहतुकीच्या आवाजात चुका होतातच, पण खरी अडचण निराळी आहे. ज्यांच्या घरात मी उभा असतो त्या आजी शेजारीच उभ्या असतात, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने ‘सळई गंजून अर्धी राहिली आहे’ असे यंत्राला सांगितले की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. निष्कर्ष तपासून, समजावून सांगायचा असतो. नोंद ही कच्ची असते. त्यामुळे बोलून नोंद करणे मी सोडले आहे.

---

गोदामवाला
मंगळवार, रात्री १०.१५

मी कळव्यात राहतो आणि भिवंडीच्या एका गोदामात पाळी पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे दिवसभर हातात यंत्र धरून काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून माझे असे मत झाले आहे की पडद्याचे इंच मोजणे हा मुळात चुकीचा हिशेब आहे.

आमच्या यंत्राचा पडदा चार इंचांचा आहे. जाडी मात्र फोनच्या तिप्पट आहे, वजनही दुप्पट आहे. ते पाळीभर हातात राहते आणि कोणी तक्रार करत नाही, कारण मागच्या बाजूला पट्टा आहे आणि पंजा त्यात अडकतो. बोटे मिटून धरावे लागत नाही. बारकोड वाचण्याची कळ नेमकी अंगठ्याखाली किंवा तर्जनीखाली येते, त्यामुळे नजर खोक्यावर ठेवून काम होते. पडद्याकडे पाहायची वेळ आकडा चुकला तरच येते. बॅटरी पाळीच्या मध्यावर काढून दुसरी घालता येते, आणि तेवढ्या अवधीत यंत्र बंद पडत नाही.

पूर्वीची यंत्रे विंडोजवर चालत. त्यांना खाली अंकांच्या खऱ्या कळा होत्या. त्या प्रणालीचा आधार जानेवारी २०२०मध्ये थांबला आणि आम्ही अँड्रॉइडच्या नव्या यंत्रांकडे वळलो. नव्या यंत्रांत पडदा मोठा आला, रंग आले, फोटो काढण्याची सोय आली, पण काही नमुन्यांतून अंकांच्या कळा गेल्या. पहिले दोन महिने मोजणीत चुका वाढल्या. जुने कामगार ५ या कळेवरचा बारीक उंचवटा अंगठ्याने चाचपून न बघता आकडे दाबत असत. सपाट काचेवर तसा उंचवटाच नाही. पुढच्या खरेदीत आम्ही कळा असलेली यंत्रे आग्रहाने मागितली. पडदा लहान झाला, पण काम पुन्हा भराभर होऊ लागले.

नौपाडाकर, तुम्ही आकडेच भरता. तुम्हाला प्लॅनच्या पडद्याइतकीच अंकांच्या कळांची गरज आहे, याचा विचार करावा. घडीच्या फोनबद्दलही सांगून ठेवतो. यंत्राच्या संरक्षणाच्या ‘आयपी’ खुणेतला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स हे अक्षर असेल तर धुळीपासून संरक्षणाची हमी दिलेली नाही, असा त्याचा अर्थ. घडीच्या कित्येक फोनांवर तशीच खूण होती. प्लास्टर फोडल्यावर उडणारी धूळ बिजागरीत गेली तर काय होईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते.

---

रात्रखेळ
बुधवार, रात्री १२.२०

मी घणसोलीला राहतो. ताई सोडल्या तर सर्वजण लहान यंत्राच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आकार वाढल्याने केवळ पडदा वाढत नाही. बॅटरी वाढते, उष्णता बाहेर टाकायला जागा मिळते आणि हाताला धरायला कडा मिळतात. या तिन्ही गोष्टी सोयीच आहेत.

मी खेळासाठी हातातले संगणक वापरतो. स्टीम डेक २०२२मध्ये आला तेव्हा त्याचे वजन ६६९ ग्रॅम होते आणि बॅटरी ४० वॉट-तासांची. जड खेळ चालवला तर ती दोन तासही टिकत नसे. आसुसचे रॉग ॲलाय २०२३मध्ये आले, तेही ४० वॉट-तासांचे, वजन ६०८ ग्रॅम. वर्षभराने त्यांनी ॲलाय एक्स काढले, बॅटरी थेट ८० वॉट-तासांची केली आणि वजन झाले ६७८ ग्रॅम. म्हणजे सत्तर ग्रॅम जास्त उचलून बॅटरी दुप्पट मिळाली. दोन्ही वापरलेल्या माणसाला मी विचारले, तर जड यंत्रच हाताला बरे वाटते असे त्याने सांगितले, कारण त्या यंत्राच्या मुठी भरदार आहेत. गोदामवाले दादा पंजाविषयी जे सांगतात तेच हे आहे, फक्त दुसऱ्या टोकाने.

अर्थात याला मर्यादा आहे हे मी अनुभवाने मान्य करतो. पावणेनऊ इंची पडद्याचे लीजन गो मी मित्राकडून आठवडाभर वापरायला घेतले होते. बाजूच्या मुठींसह ते ८५४ ग्रॅमचे आहे. पडदा अप्रतिम आहे, पण पहुडून खेळताना वीस मिनिटांत मनगटे भरून येत, आणि शेवटी मी ते उशीवर टेकवूनच वापरू लागलो. टेकवून वापरायचे असेल तर लॅपटॉप काय वाईट? माझ्या मते सातशे ग्रॅमपर्यंत यंत्र हातातले राहते, त्यापुढे ते टेबलाचे होते.

---

जुनी_पाटी
बुधवार, सकाळी ९.१०

रात्रखेळ, तुम्ही दोन्ही हातांनी धरून, बसून वापरता. सातशे ग्रॅमची मर्यादा त्या बैठकीची आहे. एका हाताने, उभ्याने, दुसऱ्या हातात हॅमर असताना ती निम्म्याहूनही खाली येईल.

सोयी यंत्राच्या आतच असल्या पाहिजेत असेही नाही, हे मला यात घालायचे आहे. १९९९च्या हँडस्प्रिंग व्हायजरला मागे खाच होती आणि तीत हवा तो भाग बसवता येत असे. २०००मधल्या कॉम्पॅकच्या आयपॅकला तर जाकिटे मिळत: मेमरी कार्डाचे वेगळे, वायरलेस कार्डाचे वेगळे. लागेल तेव्हा जाकीट चढवायचे, एरवी यंत्र सडपातळ. कल्पना सुंदर होती, परंतु माझ्या ओळखीत ज्यांनी जाकीट घेतले त्यांनी ते पुन्हा उतरवले नाही, आणि मग लहान यंत्र घेतल्याचा फायदा गेला.

आपल्याकडच्या सिम्प्युटरने याहून वेगळी वाट धरली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी तो बनवला आणि २००४मध्ये त्याचे ‘अमिडा’ हे रूप बाजारात आले. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. यंत्र गावाचे एकच, आणि प्रत्येकाची माहिती आपापल्या कार्डावर, अशी ती योजना होती. बाजारात ते चालले नाही. तरी एक यंत्र अनेकांच्या हातात जाणार असेल तर त्याची रचना वेगळी हवी, हा विचार मला आजही पटतो. नौपाडाकर, तुमच्याबरोबर मदतनीस असतो ना? मग यंत्र नेमके कोणाच्या हातात असते?

आणि इतका खल करण्यापेक्षा हॉकिन्स यांनी केले तेच आपण करून पाहावे. प्लायचे तुकडे कापून घ्या, वजन जुळवा आणि आठवडाभर कामावर घेऊन फिरा.

---

नौपाडाकर
बुधवार, सायंकाळी ६.४५

मदतनीस असतो. हॅमर मी लावतो, आकडे तो लिहितो; तडे आणि गळतीच्या नोंदी मी करतो. यंत्र या हातातून त्या हातात जाते, आणि खरे सांगायचे तर दिवसातला बराच वेळ त्या देवाणघेवाणीतच जातो. हे मी आजवर मोजले नव्हते. प्लायचे तुकडे करतो.

---

नौपाडाकर
पुढील शुक्रवार, रात्री ९.००

नऊ दिवस झाले. जे घडले ते क्रमाने लिहितो.

सुताराकडून सहा मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे कापून घेतले. एक फोनच्या मापाचा, १४.७ बाय ७.२ सेंटिमीटर, दुसरा आठ इंची टॅबलेटच्या मापाचा, १९.५ बाय १३.५. पाठीमागे लोखंडी पट्ट्या चिकटवल्या आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वजन जुळवले; लहान १७० ग्रॅमला आणला, मोठा २९५ला. कडा पॉलिश पेपरने घासल्या, कारण टोचणाऱ्या कडेमुळे निकाल बदलला असता. नंतर एका चार मजली इमारतीचा प्लॅन दोन्ही पडद्यांच्या रुंदीला छोटा करून छापला आणि पुढच्या बाजूस डकवला.

प्लॅनच्या बाबतीत माझी शंका खरी ठरली. लहान तुकड्यावर कॉलमचे क्रमांक चाळिशी लावूनही वाचता येत नव्हते, मोठ्यावर येत होते. पण दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की एका मजल्यावर मी प्लॅनकडे दोन किंवा तीन वेळा पाहतो. जिना चढून आल्यावर दिशा लावून घ्यायची, शेवटी काही सुटले नाही ना ते पाहायचे, बस. नोंदी मात्र त्याच मजल्यावर चाळीस-पन्नास होतात. चोवीस वर्षे हे काम करतो आहे, तरी मी दोन वेळा लागणाऱ्या सोयीसाठी पन्नास वेळा लागणारे यंत्र निवडायला निघालो होतो.

मोठा तुकडा पहिले दोन दिवस हातात राहिला. तिसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टाकीची शिडी चढताना तो पिशवीत टाकला, आणि उतरल्यावर बाहेर काढायचे राहून गेले. चौथ्या दिवशी तो सकाळपासून पिशवीतच होता. लहान तुकडा शर्टाच्या खिशातून वाकताना दोनदा पडला, एकदा थेट पार्किंगमधल्या साचलेल्या पाण्यात. पँटच्या बाजूच्या खिशात ठेवल्यावर पुन्हा पडला नाही. शिडीवर एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने तो काढता आला, अंगठ्याने खालून वरपर्यंत पोहोचता आले, आणि परत ठेवताना खाली पाहावे लागले नाही. ठाण्याहून तुर्भ्याला जाताना दिघा गावापर्यंतच्या गर्दीतही तो काढता आला. मोठा तुकडा काढायला कोपर पसरावे लागत होते.

मदतनिसाचे मत वेगळे पडले. त्याला मोठा तुकडा हवासा वाटला, कारण तो एका जागी उभा राहून लिहितो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. जुनी_पाटी काका, आपला प्रश्न इथे कामाला आला. आम्ही एका यंत्रासाठी भांडत होतो आणि मुळात हात चार होते.

म्हणून असे ठरवले आहे: मी लहान यंत्र घेतो, गोदामवाल्यांनी सांगितले तसे, धुळीच्या जागी ६ आकडा असलेले आणि बाजूला स्वतंत्र कळ असलेले. ती कळ दाबली की नोंदीचे पान उघडावे, अशी सोय त्यात करता येते. जुन्या टॅबलेटला नवी काच बसवून घेतली आहे. तो मदतनिसाकडे राहील, पट्ट्याच्या वेष्टनात, आणि प्लॅनही त्यावरच पाहू. खाडीवरची ताई, आपल्या मुद्द्याला मात्र माझ्याजवळ अजून उत्तर नाही. लहान पडद्यावर मराठी टंकायला मला वेळ लागणार आहे.

---

खाडीवरची
शुक्रवार, रात्री १०.३०

नौपाडाकर, मी माझ्या कामावरून बोलले होते. माझ्याकडे येणारा शब्द कोणताही असू शकतो. आपल्या मैदानी नोंदींत किती वेगळे शब्द येतात, ते एकदा लिहून पाहावे. माझा अंदाज आहे की ते फार नसतील.

तसे असेल तर कळफलकाच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो, त्यात पूर्ण शब्दसमूह भरावा आणि त्याला आखूड खूण द्यावी. ‘उत’ टंकले की वरच्या पट्टीत ‘उभा तडा’ येईल. खुणा निवडताना प्रचलित शब्द टाळा, आणि शक्यतो काना, वेलांटी नसलेली अक्षरे घ्या, म्हणजे कळफलकाची दुसरी पाटी उघडावी लागणार नाही. एवढ्यापुरता लहान पडदा मराठीलाही पुरेल, हे मी माझे आधीचे मत बदलून लिहीत आहे. पूर्ण अहवाल मात्र घरी, खऱ्या कळफलकावरच लिहावा.

---

गोदामवाला
शनिवार, सकाळी ६.३०

अंक भरायच्या चौकटीचा प्रकार ‘संख्या’ असा ठेवून घ्या. मग कळफलक फक्त अंकांचा उघडतो आणि कळा चौपट मोठ्या होतात. खरा उंचवटा मिळणार नाही, पण चुका कमी होतील. आणि काचेवर पाणी असताना बोट नीट ओळखले जात नाही, हे पावसाळ्यात गच्चीवर आठवेल. पूर्वीचे पामचे पडदे दाबावर चालत, त्यांना ओले बोट, नख, काडी काहीही चालत असे. आताचे बोटातल्या विद्युत्प्रभारावर चालतात. कोरडे फडके दुसऱ्या खिशात ठेवावे.

---

नौपाडाकर
पुढील बुधवार, रात्री ८.१५

ताई, मोजले. जुने बारा अहवाल काढून बसलो, तर मैदानात लागणारे शब्दसमूह सत्तरच्या आत निघाले. यंत्र सोमवारी आले. रविवारी रात्रीच खुणा ठरवून ठेवल्या होत्या: ‘उत’ म्हणजे उभा तडा, ‘तत’ म्हणजे तिरपा तडा, ‘सग’ म्हणजे सळई गंजलेली, ‘पफ’ म्हणजे प्लास्टर फुगलेले, ‘वर’ ही खूण मात्र बदलावी लागली, कारण तो शब्द स्वतंत्रपणेही लागतो.

आज सकाळी राम मारुती रस्त्याजवळच्या एका इमारतीत पहिल्यांदा पूर्ण दिवस वापरले. पहिल्या मजल्यावरच्या जिन्याखालच्या कॉलमपाशी गुडघ्यावर बसलो होतो, डाव्या हातात टॉर्च होता. उजव्या हाताने यंत्र काढले, बाजूची कळ दाबली, अंगठ्याने कॉलमचा क्रमांक, मग ‘सग’, मग ‘उत’, आणि यंत्र परत खिशात. टॉर्च खाली ठेवावा लागला नाही. सोसायटीचे सचिव शेजारी उभे होते, त्यांनी विचारले की नोंद केलीत का.

एकच अडचण राहिली आहे. या यंत्राला दोरी अडकवायला भोक नाही, आणि टाकीच्या शिडीवर मला ते कमरेला बांधलेले हवे आहे. गोदामवाले दादा, तुमच्याकडच्या यंत्रांना पंजाचे पट्टे कोण शिवून देते? भिवंडीत असेल तर मी शनिवारी येऊ शकतो.

---

गोदामवाला
बुधवार, रात्री ९.५०

आमच्या गोदामाच्या फाटकाबाहेर ताडपत्री आणि बॅगा शिवणारा एक कारागीर बसतो, तोच करून देतो. जाड नायलॉनची पट्टी, मागे रुंद रबर, आणि खालच्या कोपऱ्यात दोरीसाठी कडी. यंत्र बरोबर आणा, मापावरच शिवावे लागते. सकाळी दहाच्या आत या, नंतर ट्रकांची रांग लागते.